लेट्रोझोलमुळे आईचे सांधे आखडतात. गोळी बदलून कोणाला फरक पडला आहे का?

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. आईचे वय ५९. गेल्या वर्षी तिच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, मग केमो आणि रेडिएशन. गाठ हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनच्या जोरावर वाढणारी) निघाली आणि पाळी जाऊन बरीच वर्षे झालेली असल्यामुळे लेट्रोझोलची २.५ मिलिग्रॅमची गोळी रोज एक, अशी पाच वर्षे घ्यायची ठरली.

केमो तिने निमूटपणे सोसली, पण या एवढ्याशा गोळीने तिला जेरीस आणले आहे. सकाळी मूठ वळत नाही. कोमट पाण्यात हात बुडवून अर्धा तास बसावे, तेव्हा कुठे चहाचा कप धरता येतो. यंदा वेचणीला तिने हट्टाने कमरेला ओटी बांधली, परंतु बोंडातून कापूस ओढताना अंगठा साथ देईना, आणि शेवटी ओटीची गाठसुद्धा मलाच सोडावी लागली.

मागच्या आठवड्यात ज्वारीच्या कोठीत गोळ्यांच्या दोन न फोडलेल्या स्ट्रिप सापडल्या. विचारले तर म्हणाली, "गाठ तं काढून टाकली, मंग आता कायले खाऊ हे गोळी?" गोळी बंद केल्यापासून बोटे हलकी वाटतात, असेही तिचे म्हणणे आहे, त्यामुळे तिची समजूत घालणे अधिकच अवघड झाले आहे. पाळी गेल्यावरही शरीरात थोडे इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन तयार होत राहते, ते उरल्यासुरल्या कर्करोगाच्या पेशींना मिळू नये म्हणून ही गोळी असते, आणि तेच कमी झाल्याने सांधे दुखतात व हाडे विरळ होतात, एवढे मला कळते. तिच्या गळी मात्र उतरवता येत नाही.

तपासणीच्या गर्दीत "वयामुळे होते" एवढे सांगून कॅल्शियम लिहून दिले गेले. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी अद्याप झालेली नाही.

लेट्रोझोलऐवजी त्याच प्रकारची अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन सुरू करून कोणाच्या घरी आराम पडला का? टॅमॉक्सिफेन या वेगळ्या प्रकारच्या औषधाने सांधे कमी दुखतात असे वाचले, पण त्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो आणि आईच्या पायात पूर्वी एकदा गुठळी झाली होती, म्हणून धीर होत नाही. काढे आणि लेप कृपया सुचवू नयेत, ते गावातल्या प्रत्येकाने सांगून झाले आहेत. पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे; तोवर थांबावे, की गोळी बंद असल्याचे डॉक्टरांना आजच फोनवर कळवावे?