शब्दचर्चा: 'स्वमग्न' मूल नेमकं कशात मग्न असतं?

देवगडहून:
माझा मुलगा सात वर्षांचा आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी कागदावर 'स्वमग्नता', म्हणजे ऑटिझम, असं लिहून दिलं, तेव्हापासून हा शब्द मला टोचतोय. गणपतीला मुंबईहून आलेली नणंद म्हणाली, "स्वतःत बुडालेला ना? मग सारख्या हाका मारून बाहेर काढायचं ना वहिनी त्याला!" तिला दोष कसा देऊ? शब्दाचा अर्थच तसा निघतो. पण शिमग्यात पालखी अजून खालच्या वाडीत असते, आम्हाला ढोल ऐकूही येत नाही, तेव्हाच हा कानांवर हात दाबून माजघरात गेलेला असतो. बाहेरचं जग त्याला आमच्यापेक्षा जास्तच लागतं. याला दुसरा शब्द आहे का?

रत्नागिरीहून:
ताई, खोट मूळ शब्दातच आहे. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः'. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी १९११ च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं जगापासून तुटणं सांगायला 'ऑटिझम' हा शब्द घडवला. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करताना तोच उचलला. आपण मराठी करताना 'मग्न' जोडलं आणि घोळ वाढला. कवी आत्ममग्न असतो, भजनात माणूस मग्न होतो. मराठीत मग्न होणं सुखाचं आणि आपखुशीचं. म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं, पोराने मनावर घेतलं तर येईल बाहेर.

तरी मी हा शब्द टाकणार नाही. त्याआधी अशा मुलांना सरसकट मतिमंद म्हणत, गावात तर थेट 'खुळो'. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम आणि मतिमंदत्व वेगवेगळे धरले आहेत, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही ऑटिझम स्वतंत्र आहे. तो फरक मराठीत सांगायला 'स्वमग्न' उपयोगी पडला.

मला राग येतो तो 'ऑटिझमग्रस्त'चा. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला; खग्रास ग्रहणात तोच धातू आहे. पूरग्रस्ताचा पूर ओसरतो आणि माणूस मागे उरतो. इथे ओसरायचं काय?

सावंतवाडीहून:
मला स्वतःला हे चोविसाव्या वर्षी कळलं. मी 'ऑटिस्टिक' म्हणतो. 'ऑटिझम असलेला' मला जवळचं वाटत नाही, कारण ती माझी ऐकण्या-बघण्याचीच रीत आहे. दुसऱ्या कुणाला ते आवडत असेल तर त्याला तसंच म्हणावं. ऑटिझम प्रत्येकात वेगळा दिसतो, म्हणून त्याला 'स्पेक्ट्रम' म्हणतात; त्यासाठी मात्र 'वर्णपट' वापरा. स्पेक्ट्रम म्हटलं की लोक विचारतात, "तुला थोडाच आहे ना?" वर्णपटात रंग असतात, थोडं-जास्त नसतं.

देवगडहून:
'निदान'बद्दलही बोलायचं होतं. आयुर्वेदात निदान म्हणजे मूळ कारण. म्हणूनच की काय, कागद दाखवला की पहिला प्रश्न येतो तो कारणाचा, आणि तोही मलाच. मोबाईल दिलास का? ग्रहणात काही चिरलंस का?

रत्नागिरीहून:
आईकडे बोट दाखवण्यात शिकलेलेही मागे नव्हते. आईच्या थंडपणामुळे हे होतं, असं पाश्चात्त्य तज्ज्ञ कित्येक वर्षं मानत होते. ते खोटं ठरलं. यात जनुकांचा वाटा मोठा आहे. तुम्ही काही केलं नाहीत, ताई.

वेंगुर्ल्याहून:
आमच्या शेजारच्या आजीक यातला एकव शब्द ठावक नाय. माझ्या भाच्याबद्दल कोणी विचारला तर ती इतक्याच सांगता, "तेका आवाज सोसना नाय. हळू बोला."

देवगडहून:
आजींचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. सोमवारी बाईंना चिठ्ठी द्यायची आहे. त्यात 'स्वमग्न' लिहीन, कारण कागदावर तेच आहे. आणि खाली लिहीन: त्याला आवाज सोसत नाही, घंटेजवळच्या बाकावर बसवू नका.