थायलंडच्या सहलीत खर्चाचे पैसे कमीत कमी तोट्यात कसे मिळवावेत?

गोदातीर (नाशिक)

नमस्कार. दिवाळीनंतर मी, पत्नी आणि माझे आईवडील असे आम्ही चौघे बँकॉक, अयुथया आणि क्राबी या ठिकाणी जाणार आहोत. विमानाची तिकिटे आणि हॉटेलांचे भाडे येथूनच भरून झाले आहे. जेवणखाण, स्थानिक प्रवास, होड्या, प्रवेशशुल्क आणि किरकोळ खरेदी यांसाठी सुमारे ४०,००० बात (थायलंडचे चलन) लागतील असा आमचा अंदाज आहे. हे पैसे कोणत्या मार्गाने न्यावेत, याबद्दल मिळालेले सल्ले मात्र परस्परविरोधी आहेत.

येथील चलन विनिमय करणारे दुकानदार थेट बातच्या नोटा देण्यास तयार आहेत आणि आपण कोणतेही कमिशन घेत नाही असे सांगतात. आमच्या बँकेतील अधिकारी फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेले कार्ड, घ्या म्हणतात. पुतण्याचे म्हणणे असे की काहीच नेऊ नये, तेथे उतरल्यावर एटीएममधून पैसे काढावेत. एका परिचितांनी तर परदेशी चलनावर २० टक्के कर कापला जातो असे सांगून घरच्यांना काळजीत टाकले आहे. माझ्याकडे राष्ट्रीयीकृत बँकेचे डेबिट कार्ड व एक क्रेडिट कार्ड आहे, तर पत्नीकडे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे रुपे कार्ड आहे. आईवडील निवृत्तिवेतनातून बचत करून या प्रवासाला येत आहेत, त्यामुळे त्यांचा एकही रुपया अकारण जाऊ नये असे मला मनापासून वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

विनिमय_पुणे

मी बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षे काम करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे नियमांचा भाग आधी स्पष्ट करतो.

२० टक्क्यांची भीती आपण मनातून काढून टाकावी. उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे ज्या योजनेत आपले प्रवासाचे चलन मोडते तिच्यात, एका व्यक्तीने एका आर्थिक वर्षात घेतलेले चलन १० लाख रुपयांच्या आत असेल तर त्यावर टीसीएस, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, लागत नाही. ही मर्यादा पूर्वी ७ लाख होती आणि १ एप्रिल २०२५ पासून ती १० लाख झाली. टूर कंपनीकडून परदेशी सहलीचे पॅकेज घेतले तर त्याचा नियम वेगळा आहे, पण आपण तसे केलेले नाही. शिवाय टीसीएस कापला गेला तरी तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मिळते, त्यामुळे त्याला बुडालेला पैसा समजू नये.

चलन खरेदीवर जीएसटी मात्र लागतो. तो संपूर्ण रकमेवर आकारला जातो असा समज सर्वत्र आढळतो, पण तो चुकीचा आहे. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का, किंवा किमान २५० रुपये, हे सेवेचे मूल्य धरले जाते आणि त्यावर १८ टक्के कर बसतो. आपण ४५,००० रुपयांचे चलन घेतले तर ४५० रुपयांवर कर लागेल, म्हणजे ८१ रुपये. दुकानदाराच्या पावतीवर याहून मोठा आकडा असेल तर त्याचे स्पष्टीकरण अवश्य मागावे.

आता खरा मुद्दा. कमिशन नाही असे सांगणारा दुकानदार आपली कमाई दरातच धरून ठेवतो. म्हणून प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारावा: सर्व शुल्के व कर धरून माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील आणि माझ्या हातात नेमके किती बात पडतील? या दोन आकड्यांचा भागाकार करून त्याच दिवशीच्या आंतरबँक दराशी (बँका आपसांत वापरतात त्या दराशी) ताडून पाहिला की लपलेली घट उघडी पडते. भारतात बातला डॉलरइतकी मागणी नसल्याने त्याच्या खरेदी आणि विक्रीच्या दरांत सहसा मोठे अंतर असते. त्यामुळे येथे डॉलर घेऊन ते तेथे बातमध्ये बदलणे, दोनदा बदलावे लागत असूनही, बहुतेक वेळा स्वस्त पडते. तरीही आपल्या गावच्या दोन दुकानांचे दर विचारूनच ठरवावे.

कार्डांविषयी एक महत्त्वाची गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांनुसार नवीन कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिली जातात. परदेशातील एटीएम, दुकानातील यंत्र आणि ऑनलाइन खरेदी या सोयी बँकेच्या अॅपमध्ये स्वतंत्रपणे चालू कराव्या लागतात व प्रत्येकीची रोजची मर्यादा ठरवावी लागते. हे निघण्यापूर्वी आठवडाभर आधी उरकावे, म्हणजे काही अडले तर शाखेत जाता येईल. पत्नीच्या कार्डावर डिस्कव्हर किंवा तत्सम आंतरराष्ट्रीय जाळ्याचे चिन्ह नसेल, तर ते केवळ देशांतर्गत कार्ड आहे असे समजून घरीच ठेवावे.

बँकॉककर

नोकरीनिमित्त मी येथे राहतो आणि येणाऱ्या पाहुण्यांचे पैसे कुठे गळतात ते जवळून पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

परदेशी कार्डाने पैसे काढले की येथील अनेक बँकांची यंत्रे प्रत्येक वेळी २२० बात शुल्क घेतात आणि काही ठिकाणी ते त्याहून थोडे जास्त आहे. ५,००० बात काढले काय आणि २०,००० बात काढले काय, शुल्क तेवढेच. आपले ४०,००० बात आठ वेळा थोडे थोडे करून काढले तर १,७६० बात नुसत्या शुल्कात जातील, दोनदाच काढले तर ४४०. याखेरीज आपली बँक प्रत्येक परदेशी व्यवहाराला साधारण सव्वाशे ते दीडशे रुपये अधिक जीएसटी आकारत असेल, तर त्याचाही गुणाकार त्याच संख्येने होतो.

त्याहून मोठी घट मार्कअपची, म्हणजे दरावर बँकेने चढवलेल्या टक्केवारीची, आहे. भारतातील अनेक बँका डेबिट व क्रेडिट कार्डांवर परकीय चलनातील व्यवहारासाठी साडेतीन टक्के घेतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. ४०,००० बातवर हेच सुमारे १,६५० बात होतात. काही बँका मार्कअप न घेणारी कार्डे देतात. आपल्याला अजून वेळ आहे, तेव्हा असे एखादे खाते उघडता आले तर पुतण्याचा सल्ला सर्वांत चांगला ठरेल. साडेतीन टक्क्यांचेच कार्ड हाताशी असेल तर मात्र एटीएम हा मुख्य मार्ग न ठेवता अडचणीच्या वेळचा आधार म्हणून ठेवावा.

आता यंत्रासमोर उभे राहिल्यावर काय घडते ते सांगतो, कारण सर्वाधिक नुकसान तेथेच होते. पिन टाकून रक्कम निवडली की २२० बात शुल्काची सूचना येते आणि ती मान्य करावीच लागते. त्यानंतर एक पडदा येतो, ज्यावर आपली रक्कम रुपयांमध्ये रूपांतरित करून दाखवलेली असते आणि खाली दोन पर्याय असतात: रूपांतरासह पुढे जाणे किंवा रूपांतराशिवाय पुढे जाणे. रुपयांचा ओळखीचा आकडा समोर दिसल्याने माणूस निर्धास्त होऊन पहिला पर्याय दाबतो. त्या आकड्यात यंत्र चालवणाऱ्या बँकेने आपला नफा मिळवलेला असतो आणि तो पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. नेहमी ‘विदाउट कन्व्हर्जन’ हाच पर्याय निवडावा. रूपांतर नाकारले तर पैसे मिळणार नाहीत अशी शंका येते, पण पैसे मिळतात आणि दर कार्डाच्या जाळ्याचा, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागतो, जो आंतरबँक दराच्या बराच जवळ असतो. दुकानात आणि हॉटेलातही कार्ड यंत्रावर हाच प्रश्न येतो. तेथे यंत्र कर्मचाऱ्याच्या हातात असते, त्यामुळे कार्ड देतानाच रक्कम बातमध्येच घ्यावी असे सांगावे आणि पावतीवर चलन पाहूनच सही करावी. रुपयांत आकारणी झाल्यावरही आपली बँक वर वेगळे शुल्क लावते, असे पुष्कळ जणांच्या विवरणात मी पाहिले आहे.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नये. त्यावर रोख उचलीचे शुल्क लागते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. ते कार्ड हॉटेलच्या अनामत रकमेसाठी राखून ठेवावे. अनामतीसाठी डेबिट कार्ड दिले तर आपल्याच खात्यातील पैसे काही दिवस अडकून पडतात आणि ऐन प्रवासात चणचण भासते.

रोख डॉलर आणणार असाल तर १०० डॉलरच्या नोटा आणाव्यात. येथील विनिमय दुकानांत १०० च्या नोटांना एक दर आणि २०, १० किंवा ५ च्या नोटांना त्याहून कमी दर असे फलकावरच लिहिलेले असते. दुमडून चिरलेल्या, शिक्का मारलेल्या किंवा शाईने खूण केलेल्या नोटा नाकारल्या जातात, म्हणून नाशिकला नोटा मोजून घेतानाच तशी एखादी आढळली तर परत द्यावी. सुवर्णभूमी विमानतळावर आगमन कक्षातील बँकांच्या खिडक्यांवर दर बेताचा असतो. तळमजल्याखालच्या मजल्यावर, जेथून शहरात जाणारी रेल्वे सुटते, तेथे सुपररिच आणि इतर विनिमय दुकानांच्या खिडक्या आहेत व त्यांचा दर शहरातील दराच्या जवळ असतो. सामानासह आईवडिलांना बाकावर बसवून एकाने खाली जाऊन यावे. मूळ पासपोर्ट सोबत लागतो.

सज्जनगड

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी फॉरेक्स कार्डाची बाजू मला मांडावीशी वाटते. वृद्ध आईवडील सोबत असताना सगळी रोकड कमरेच्या पिशवीत बाळगणे हा सततचा ताण असतो. फॉरेक्स कार्डावर दर भरणा करतानाच निश्चित होतो, कार्ड हरवले तर ते बंद करता येते, आणि मूळ बचत खात्याला धक्का लागत नाही. या निश्चिंतीसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी ते वाया गेले असे मी मानणार नाही.

विनिमय_पुणे

सज्जनगड यांचा सुरक्षिततेचा मुद्दा रास्त आहे आणि मला तो मान्य आहे. मात्र कार्ड घेताना त्यावर बात भरता येतात का, हे लेखी विचारून घ्यावे. काही कार्डांवर ते चलन उपलब्ध असते, काहींवर नसते. डॉलर भरलेले कार्ड बातमध्ये वापरले की चलनबदलाचे वेगळे शुल्क लागते आणि ते कित्येकदा डेबिट कार्डाच्या मार्कअपइतकेच असते, म्हणजे भरताना एकदा व वापरताना पुन्हा एकदा अशी घट सोसावी लागते. तेथील एटीएमचे २२० बात फॉरेक्स कार्डालाही चुकत नाहीत. परत आल्यावर उरलेली शिल्लक रुपयांत घेतानाही बँक आपल्या खरेदी दरानेच पैसे देते. सुरक्षितता हवी असेल तर रोख रक्कम आपण आणि पत्नी यांच्यात विभागून ठेवणे व दोन वेगळ्या बँकांची कार्डे वेगवेगळ्या बॅगेत ठेवणे, हा मला जास्त किफायतशीर उपाय वाटतो.

गोदातीर (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मार्कअप नसलेल्या कार्डासाठी मी आजच अर्ज करतो. आता दोनच शंका उरल्या आहेत. रोख डॉलर किती घ्यावेत, आणि यूपीआयचा काही उपयोग होईल का? आणखी एक, बात उरले तर काय करावे?

बँकॉककर

आपल्या गरजेला ५०० डॉलर पुरेसे आहेत, ज्यांचे येथे साधारण १६,००० बात होतील. (प्रवाशाला एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, त्यामुळे नियमाची अडचण नाही.) पहिल्या दिवशी सर्व न बदलता ३०० डॉलर विमानतळाखाली बदलावेत आणि उरलेले दोन दिवसांनी शहरात बदलावेत. क्राबीला निघण्यापूर्वी हे काम बँकॉकमध्येच पूर्ण करावे, कारण किनाऱ्यावरच्या पर्यटनस्थळी आणि बेटांवर दर सहसा कमी मिळतो, तर होडीवाले, लहान खानावळी आणि बाजारातले विक्रेते रोखच मागतात. नवे कार्ड मिळाल्यावर एकदाच २०,००० बात काढले की रोखीचा प्रश्न मिटेल आणि मोठी बिले त्याच कार्डाने देता येतील. यंत्रातून बहुधा १,००० च्या नोटा येतात. त्या एखाद्या मोठ्या दुकानात मोडून घ्याव्यात, कारण रिक्षावाल्याकडे किंवा घाटावरच्या होडीत सुटे मिळतीलच असे नाही. बँकॉकच्या एमआरटी मेट्रोत मात्र टॅप करता येणारे व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट फाटकावर चालते, तिकिटाच्या रांगेत आईवडिलांना उभे करावे लागत नाही. प्रत्येकासाठी वेगळे कार्ड लागते, एवढे लक्षात ठेवावे.

यूपीआयच्या भरवशावर येथे येऊ नये. दुकानोदुकानी जे क्यूआर फलक दिसतात ते प्रॉम्प्टपे या थाई व्यवस्थेचे असतात आणि त्यासाठी साधारणपणे येथील बँक खाते लागते.

उरलेले बात शक्यतो परतीच्या आदल्या दिवशी हॉटेलचे शेवटचे बिल रोखीने देऊन संपवावेत. तरीही नोटा उरल्या तर विमानतळाखालच्या त्याच खिडक्यांवर डॉलर घ्यावेत. नाणी मात्र तेथे कोणी घेत नाही, ती आधीच खर्च करावीत.

विनिमय_पुणे

परत आणलेले चलन २,००० डॉलरच्या आत असेल तर ते पुढील प्रवासासाठी स्वतःजवळ ठेवता येते. त्याहून जास्त असलेले परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत विनिमयकाकडे द्यावे लागते. डॉलर खरेदीची पावती तोपर्यंत जपून ठेवावी, आणि खरेदीच्या वेळी पैसे धनादेशाने किंवा खात्यातून द्यावेत, कारण ५०,००० रुपयांवरील व्यवहार रोखीने स्वीकारला जात नाही.