'सुप्रापार्टिकल'ला मराठीत काय म्हणावं?

परभणीकर: बीएस्सीच्या पोरांसाठी एक लेख मराठीत करायलोय, एका शब्दापाशी गाडं अडलंय. अब्जांश (नॅनो) कण पाण्यात मिसळायचे, त्या पाण्याचे एकसारखे थेंब तेलात सोडायचे अन् पाणी हळूहळू काढून घ्यायचं. थेंब आकसत जातो अन् शेवटी आतल्या कणांची दाटून एक गोल गोळी होते. थेंब १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात १ टक्का कण, तर गोळी साधारण २५ मायक्रॉनची. तिला इंग्रजीत सुप्रापार्टिकल म्हणतात. मी 'महाकण' लिहिलं तर सहकारी म्हणले, केसाहून बारीक वस्तू महा कशी?

गोदाकाठ: कणगोळी लिहा. अन् एका द्रवात दुसऱ्या द्रवाचे बारीक थेंब असलेलं मिश्रण, म्हणजे इमल्शन, त्याला 'पायस' नका करू, पोरं खीर समजतील.

शब्दवेडी: पायस काहून नको? पयस् म्हणजे दूध, त्यावरून पायस. इमल्शनचं लॅटिन मूळसुद्धा धार काढण्याचंच आहे. इतका नेमका शब्द असून टाकून द्यायचा?

कापूसवाला: फवारणीच्या बाटलीवर ईसी (इमल्सिफायेबल कॉन्सन्ट्रेट) लिहिलेलं असतं ना, ते औषध बादलीत ओतलं की पाणी लगेच पांढरं होतं, ते इमल्शनच. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगा, पायस सांगू नका.

परभणीकर: उदाहरण लेखात घेतो. फक्त तिथं तेलाचे थेंब पाण्यात असतात, इथं पाण्याचे तेलात.

शब्दवेडी: लेखात 'थेंब सुकतो' लिहिलंय का? पान सुकतं, कपडे वाळतात, पाणी आटतं. थेंब आटतोच.

सदाशिवपेठ: सुकतो यात काहीच चूक नाही, 'नदी सुकली' पेपरात रोज छापून येतं.

शब्दवेडी: पेपरात येऊ द्या. आमच्याकडं उन्हाळ्यात विहीर आटते, ती सुकल्याचं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

गोदाकाठ: हा फरक इथं कामाचा आहे बरं. पाणी घाईनं काढलं तर थेंबाच्या कडेला कणांचं कवच आधी धरतं, आत पाणी राहून जातं, मग ते कवच आत दबतं अन् गोळीला खळगा पडतो. हळू काढलं तर गोळी भरीव, गोल. म्हणून आधी आटवणं, मग तेलातून काढून धुतली की वाळवणं. दोन टप्पे, दोन शब्द.

सदाशिवपेठ: दोन्हीला 'शुष्कन' चालेल.

कापूसवाला: शुष्कन कोण बोलतं हो? आमची आई तूर वाळवते.

शब्दवेडी: शुष्कन नको हे पटलं. पण पायसवर मी ठाम आहे.