हेपरिन चालत नसेल, तर फ्री फ्लॅपमध्ये गुठळी कशी टाळावी?

प्लास्टिक सर्जन, सोलापूर:
तंबाखू आणि मिश्रीमुळे तोंडाचा कर्करोग झालेले रुग्ण सोलापुरात आपण सगळेच पाहतो. काढलेला जबडा पायाच्या फिब्युला हाडाने पुन्हा बांधताना जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडाव्या लागतात; असा रक्तवाहिन्यांसह काढून दुसरीकडे जोडलेला भाग म्हणजे फ्री फ्लॅप. तिथे गुठळी झाली आणि वेळेत निघाली नाही, तर फ्लॅप जातो. ज्याला पूर्वी हेपरिन या गुठळीविरोधी औषधामुळे एचआयटी झाला, म्हणजे प्लेटलेट घटूनही गुठळ्या होण्याचा धोका वाढला, त्याला शस्त्रक्रियेतच अर्गाट्रोबान हे दुसरे गुठळीविरोधी औषध सुरू करावे, असे माझे ठाम मत आहे. गुठळी बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच होते.

भूलतज्ज्ञ:
सर, मी सहमत नाही. अर्गाट्रोबानवर उतारा नाही. थांबवल्यावर ते तासाभरात बरेच उतरते, पण यकृत बिघडलेले असेल तर त्यावर विसंबता येत नाही. मानेत रक्त साचले की ते शिरेलाच दाबते, आणि ज्या गुठळीच्या भीतीने औषध दिले तीच समोर उभी राहते. एचआयटी जुना असेल आणि तो घडवणाऱ्या अँटीबॉडी आता रक्तात नसतील, तर वाहिन्या रिंगर लॅक्टेट या सलाइनने धुवाव्यात, ॲस्पिरिन द्यावे आणि रक्तस्राव थांबल्याची खात्री पटल्यावर, मूत्रपिंड ठीक असल्यास, फोंडापॅरिनक्स हे गुठळीविरोधी इंजेक्शन 2.5 मिलिग्रॅम रोज द्यावे.

रक्तविकारतज्ज्ञ:
आपण दोघेही जुन्या एचआयटीबद्दल बोलत आहात. प्लेटलेट आत्ताच कोसळलेल्या असतील तर गुठळीविरोधी औषध पूर्ण मात्रेत लागतेच, त्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलावी; अँटीबॉडी साधारण शंभर दिवसांत ओसरतात. कर्करोग तेवढा थांबणार नसेल, तर वाहिन्या जोडाव्याच न लागणारा छातीचा फ्लॅप घ्यावा. एनॉक्सापॅरिन या हेपरिनच्याच जातीच्या औषधाला मात्र पर्याय समजू नये, कारण त्याच अँटीबॉडी त्यालाही चिकटतात.

ओटी इन्चार्ज सिस्टर:
डॉक्टरसाहेब, औषधाची चर्चा चालू असताना हेपरिन भलत्याच वाटेने आत जाते. सूक्ष्मदर्शकाशेजारच्या ट्रॉलीवर हेपरिन-सलाइनची वाटी सवयीने भरली जाते, आणि आर्टीरियल लाइनच्या, म्हणजे रक्तदाब मोजायला धमनीत घातलेल्या नळीच्या, प्रेशर बॅगेतही कुणीतरी ते घालतेच. केसपेपरवर, रुग्णाच्या मनगटावर आणि ट्रॉलीवर लाल अक्षरांत ‘हेपरिन नको’ असे लिहिल्याशिवाय केस आत घेऊ नये.

प्लास्टिक सर्जन, सोलापूर:
सिस्टर, हे आमच्याकडे उद्यापासूनच लागू करतो. मॅडम, आजार ताजा असेल तर आपले म्हणणे मान्य. मात्र शीर एकदा गुठळीने बंद पडून पुन्हा जोडावी लागली, तर रक्तस्रावाची जोखीम पत्करूनही मी अर्गाट्रोबान देईन. त्या रुग्णाला केवळ ॲस्पिरिनच्या भरवशावर सोडणार नाही.