सल्ला हवा: हरणाच्या सीझनआधी रायफलची नळी किती घासावी?

रानभूल
मंडळी, मुक्काम पेन्सिल्वेनिया. जुनी बोल्ट ॲक्शन .३०-०६ रायफल आहे. शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात बसायच्या, आता चार इंचांत पसरतात. दुर्बीण तीच, काडतुसं तीच. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सीझन उघडतोय. नळीसाठी काय घेऊ? (परवाना आहे, इथे शिकार कायदेशीर आहे. तो वाद दुसऱ्या धाग्यावर घाला, प्लीज.)

गजवाला
नळीला दोष देण्याआधी दुर्बिणीच्या रिंगांचे आणि दस्त्याचे स्क्रू तपासा. निम्म्या केसेस तिथेच मिटतात. ते घट्ट असतील तर मग तांबं. गोळीचं कवच तांबं-जस्ताचं असतं, ते नळीतल्या खाचांत घासून चिकटतं, त्यावर बारुदाची काजळी, परत तांबं, असे थर चढत जातात. नुसत्या तेलाने ते हलत नाहीत.

हे घ्या: प्लास्टिकचा लेप असलेला एकसंध गज, बोअर गाइड (गज नळीत सरळ नेणारी नळकांडी), ब्राँझचा ब्रश, सुती चिंध्या, काजळीसाठी हॉप्स नंबर ९ हे साफसफाईचं द्रव आणि तांब्यासाठी अमोनियावालं सॉल्व्हंट. जोडाजोडीचा गज नकोच. चेंबर (काडतूस बसतं तो कप्पा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी आणि बोटाने बघा, बोल्ट (मागची खिट्टी) काढा आणि गज नेहमी मागून पुढे घाला. तोंडाकडून गज घातलात तर क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची कड, झिजतो, आणि गोळी नळीचा निरोप घेते ती तिथेच. ती कड एका बाजूने दबली की मागून येणारा वायू गोळीला तिरका धक्का देतो.

चिंधी निळी-हिरवी निघते तोवर तांबं आहे. मात्र पितळी जॅग (गजाचं चिंधी धरणारं टोक) वापरलात तर अमोनिया जॅगलाच खातो आणि चिंधी जन्मभर निळीच निघेल! निकेलचा किंवा प्लास्टिकचा घ्या. बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ सॉल्व्हंट आत ठेवू नका, खिडक्या उघड्या ठेवा, दस्त्याच्या पॉलिशवर थेंब पडू देऊ नका.

बालेवाडीचा_बाळ्या
आमच्याकडे भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, त्यामुळे माझं ज्ञान कागदी लक्ष्यापुरतं. पण .२२ (छोट्या काडतुसाची रायफल) वाल्याचा अनुभव सांगतो: चकचकीत नळी भरकटते. दर सरावानंतर घासणारे स्वतःचाच ग्रुप (लक्ष्यावरचा गोळ्यांचा पुंजका) बिघडवतात.

गजवाला
बाळ्या, तुमची गोळी उघड्या शिशाची, मेण लावलेली, वेग आमच्या निम्म्याहूनही कमी. तिथे तांब्याचा प्रश्नच नाही. पण मुद्दा अर्धा बरोबर आहे. रानभूल, एकदा मुळापासून साफ करा, मग ग्रुप पुन्हा पसरेपर्यंत ब्रश कपाटात. साफ केल्यावर पहिल्या काही गोळ्या वेगळीकडे जातात, त्या मोजू नका. तेल राहिलं असेल तर पहिली हमखास भटकते, म्हणून रेंजवर आधी कोरडी चिंधी फिरवा. आणि शिकारीची नळी सडपातळ असते, तीन गोळ्यांनंतर थंड होऊ द्या. हरणावर जाते ती थंड नळीची पहिली गोळी, तीच कुठे बसते ते लिहून ठेवा.

रानभूल
स्क्रू घट्ट निघाले. क्राउन घरी कसा तपासू?

गजवाला
बोल्ट काढलेलाच ठेवून कान साफ करायची काडी कडेवरून आतून बाहेर ओढा, चहूबाजूंनी. कापसाचा तंतू एकाच जागी अडकत असेल तर गनस्मिथकडून क्राउन नव्याने कापून घ्या. स्वतः कानस लावू नका. पण सीझनच्या तोंडावर गनस्मिथकडे रांग असते, आजच फोन करा.