व्हायोलिन ‘परंपरागत’ कोणी केले?

कावेरीकाठ:
कर्नाटक संगीताच्या परंपरागत वाद्यांवरील कालच्या टिपणात वीणा, मृदंगम आणि घटम (मातीचा घट) यांच्या पंक्तीला व्हायोलिन बसवलेले पाहून उत्तर दिल्यावाचून राहवले नाही. बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९) यांनी ते कर्नाटक पद्धतीत आणले, म्हणजे त्याचे इथले वय जेमतेम २०० वर्षांचे आहे. त्याआधी गायनाला वीणेची साथ असे. आज ती साथीच्या आसनावरून उठली आहे. भटाला दिली ओसरी, दुसरे काय?

बेला:
परंपरा जन्मदाखल्यावरून ठरत नाही. व्हायोलिन इथे मांडी घालून बसले, त्याची मान वादकाच्या उजव्या घोट्यावर टेकली आणि तारा सा-प-सा-प अशा लागल्या. स्वरांच्या जागा ठरवणारे पडदे नसल्यामुळे ते गायकाच्या प्रत्येक गमकामागे, म्हणजे स्वराच्या आंदोलनामागे, जाऊ शकते, आणि वीणेचा झंकार विरतो तिथे गजाचा स्वर टिकतो. पेटीला गमक जमत नाही, म्हणून तर आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केले होते. वीणेला कोणी हाकलले नाही. तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नव्हता.

मेणपडदा:
‘पोहोचत नव्हता’ हे मी वीस वर्षे ऐकत आलो आहे. तंजावरहून मी फणसाच्या एकाच खोडातून कोरलेली एकांड वीणा माटुंग्याला आणली. पहिल्याच मे महिन्यात चोवीस पडद्यांखालचे मेण मऊ पडले, आणि एका कारागिराने ते असे बसवून दिले की मायामाळवगौळ रागातला अंतर गांधार (शुद्ध ग) हाही ओळखू येईना. खरे दुखणे मात्र पुढेच होते. एका मैफलीत वीणेच्या तबकडीला माइक चिकटवला गेला आणि फणसाचा नाद गिटारसारखा ऐकू आला. वीणेचा घात व्हायोलिनने नव्हे, विजेने केला.

बेला:
हे अतीच झाले. यू. श्रीनिवास यांचे मॅन्डोलिन विजेवरच चालत होते आणि त्यातून गमके उमटत होती. माइक काढला, तर तुमची वीणा तिसऱ्या रांगेत संपेल.

तोप्पी:
विजेचा विषय निघालाच आहे, तर मृदंगमवाल्याचेही ऐका. आपल्या पखवाजाला कणीक लागते, तसा मी डाव्या तोंडावर ओला रवा थापून घुमारा आणतो, आणि ध्वनिव्यवस्था पाहणारे गृहस्थ नेमका तोच कापून टाकतात. त्यातून तनि आवर्तनम, म्हणजे तालवाद्यांचे एकल वादन, सुरू झाले की निम्मे श्रोते कॉफीला उठतात. परंपरेच्या रक्षकांनी आधी खुर्चीत बसून राहावे.

कावेरीकाठ:
माझा प्रश्न व्हायोलिनचा होता, कॉफीचा नव्हता.

तोप्पी:
आपणही उठत असणार, म्हणून टोचले.

कावेरीकाठ:
वैयक्तिक पातळीवर येऊ नये. २०० वर्षांच्या भाडेकरूला बाहेर काढता येत नाही, एवढ्यापुरते व्हायोलिन परंपरागत मानतो. मात्र एखाद्या लहान दिवाणखान्यात, माइकशिवाय, गायनाच्या साथीला वीणा बसवून पाहावी.

बेला:
अवश्य बसवा, मी ऐकायला येईन. फक्त वीणेची पट्टी फारशी बदलता येत नाही; दुसऱ्या गायिकेची पट्टी दीड स्वर वर निघाली, तर वीणा कोणती आणायची, तेवढे आधी ठरवून ठेवा.