ग्लॅम्पिंगला मराठीत काय म्हणावं? राहुटी, तंबू की आणखी काही?

शब्दवेल्हाळ (कोथरूड): नमस्कार मंडळी. पवना धरणाच्या काठी, तिकोन्याच्या बाजूला मुक्कामाची एक जागा आहे. तिचं माहितीपत्रक मी मराठीत करते आहे. तिथे सोय दोन प्रकारची. एक साधी: छोटा तंबू, खाली गादी, स्वच्छतागृह सगळ्यांत मिळून. दुसरी थाटाची: मोठा कापडी घुमट, आत पलंग, पंखा, लागूनच न्हाणीघर. मालक पहिलीला कॅम्पिंग म्हणतात, दुसरीला ग्लॅम्पिंग. येणारी बरीच कुटुंबं आजी-आजोबांना घेऊन येतात आणि फोनवर पहिली चौकशी संडासाची होते. म्हणून शब्द असा हवा की आजींना वाचल्याबरोबर फरक कळावा. मी साध्याला 'तंबू' आणि थाटाच्याला 'राहुटी' लिहिलं. मालकांनी 'राहुटी' खोडलं. म्हणाले, हा वारीतला शब्द, वाचून लोकांना चिखल आठवेल. आमच्या घरी मात्र राहुटी म्हणजे ऐसपैस, सरदारी तंबू असंच ऐकलं आहे. तुमच्याकडे काय म्हणतात?

दिंडीकरी (सासवड): ताई, राहुटी हा शब्द आज रोजच्या वापरात कुठे असेल तर तो वारीतच. सामानाचा ट्रक पुढे जातो, तळावर आमच्या दिंडीची जागा ठरलेली असते, आणि पालखी पोचायच्या आत राहुट्या ठोकून झालेल्या असतात. मधला बांबू, चहूबाजूंनी दोऱ्या, खाली ताडपत्री. एका राहुटीत दाटीवाटीने दहा-बाराजण झोपतात. पलंग-पंख्याच्या खोलीला राहुटी म्हटलेलं आम्हाला रुचणार नाही. आणि आषाढात चिखल असतोच, त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

पेठकर: दोघांनीही मूळ शब्दाकडे पाठ फिरवली आहे. आपल्याकडे 'शिबिर' हा स्वच्छ संस्कृत शब्द आहे. त्याचा मूळ अर्थच सैन्याचा तळ, तंबूंची वस्ती. साधं ते 'शिबिर', थाटाचं ते 'विलासशिबिर'. तंबू, कनात, शामियाना हे सगळे फारसीच्या वाटेने आलेले. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच जाणिवेतून. सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोक हसले होते. आज तो शब्द कोणाला खटकतो?

ट्रेकभिडू: काका, 'पवनेला शिबिराला चाललोय' असं सांगितलं तर आई विचारेल, रक्तदान की नेत्रतपासणी? शिबिराचा अर्थ कधीच सरकला आहे. आता शिबिर म्हणजे काहीतरी शिकायचं, तपासायचं किंवा द्यायचं. नुसतं चांदणं बघत पडून राहायला कोणी शिबिराला जात नाही. आम्ही सरळ 'टेंट' म्हणतो, आणि गडावर टेंट लावून देणारे गावातले दादाही 'टेंट' म्हणतात. ग्लॅम्पिंग हा इंग्रजीतसुद्धा ग्लॅमर आणि कॅम्पिंग जोडून केलेला अलीकडचा शब्द आहे, ऑक्सफर्डच्या कोशात तो २०१६ साली आला. त्यांनी गरज पडली तेव्हा जोडून घेतला, आपण तसाच्या तसा उचलला तर काय बिघडलं?

पेठकर: त्यांनी आपल्या भाषेतले दोन शब्द जोडले. आपण काहीच न जोडता उचलायचं म्हणता. हा फरक आहे.

लष्करवाली: एक पुणेरी अडचण सांगते. पुण्यात 'कॅम्प' हे एका भागाचं नाव आहे. १८१७ नंतर इंग्रजांची छावणी बसली तो भाग. माझे आजोबा त्याला 'लष्कर' म्हणायचे, आम्ही 'कॅम्प' म्हणतो. 'कॅम्पात गेले होते' म्हणजे महात्मा गांधी रस्त्यावर खरेदीला, आणि 'कॅम्पला गेले होते' म्हणजे तंबूत राहायला. नुसत्या प्रत्ययाने अर्थ बदलतो आणि पुण्यातलं लहान मूलही त्यात गोंधळत नाही. म्हणून 'कॅम्पिंग' राहू द्या. मात्र 'छावणी' नको. आमच्या सासरी, इंदापूरकडे, छावणी म्हटलं की दुष्काळातली गुरांची चारा छावणीच डोळ्यापुढे येते.

व्युत्पत्तीवेडा: राहुटीबद्दल. 'राहणे'वरून राहुटी असं बहुतेकांना वाटतं, पण हिंदीत 'रावटी' आहे आणि अर्थ तोच, लहान तंबू. तिथे 'राहणे' कुठून येणार? माझ्या मते मूळ रूप 'रावटी'च. मराठीने राहण्याशी नातं जोडून मधे 'हु' घातला. तशीच दुसरी गंमत. तंबूच्या दोरीला जुन्या मराठीत 'तणावा' म्हणतात. तो फारसी 'तनाब'. आज आपण मनावर 'तणाव' आला म्हणतो तो बघा.

पेठकर: तणाव 'ताणणे'वरून आला. तन् हा धातू संस्कृत आहे, फारसीच्या दारात जायची गरज नाही.

व्युत्पत्तीवेडा: मनावरचा तणाव 'ताणणे'वरून असेल, दोरीचा तणावा तिथून नाही. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द एकमेकांसारखे दिसायला लागले, एवढंच माझं म्हणणं. 'मेख' बघा. तंबूची खुंटी, शब्द फारसी. 'खरी मेख इथेच आहे' म्हणताना आपण तंबूच ठोकत असतो. हे शब्द काढून टाकाल तर मराठी वाक्प्रचारही त्यांच्याबरोबर जातील.

हौशी_अनुवादक: मला वाटतं 'पाल' वापरावा. अस्सल देशी, छोटा, दोन अक्षरी. 'पवनेकाठचं पाल' किती छान वाटतं! थाटाच्याला 'शाही पाल'.

पालातून_आलेला: कृपा करून तसं करू नका. मी पालात जन्मलो. आमचं पाल म्हणजे जुन्या साड्या, पोती, मिळेल ते प्लास्टिक, आणि मधे एवढी उंची की बापाला वाकूनच आत यावं लागे. गावाबाहेर पालं टाकायची, कोणी 'पालं उचला' म्हटलं की रातोरात उचलायची. शाळेत दाखला काढताना पत्ता काय लिहायचा हा प्रश्न होता. पाटील आमच्या पालाला तंबू म्हणत नव्हते आणि साहेबाच्या तंबूला कोणी पाल म्हणत नव्हतं. कापड दोन्हीकडे होतं. शब्द कापडाचा नव्हता, आत कोण झोपतं त्याचा होता. पलंग-पंख्याच्या खोलीला राहुटी म्हटलेलं दिंडीकरी माउलींना रुचत नाही तेही त्यामुळेच असावं. ताई, तुम्ही शब्द शोधताय हे चांगलंच आहे, पण आमच्या घराचं नाव कोणाच्या सुट्टीला लावू नका.

दिंडीकरी (सासवड): माउली, अगदी खरं. मला हेच म्हणायचं होतं, जमलं नाही.

शब्दवेल्हाळ (कोथरूड): दादा, 'पाल' येणार नाही, नक्की. धनगरांचा 'वाडा' हा शब्दही मी यादीत धरला होता. मेंढरं, घोडी, बिऱ्हाड घेऊन फिरणारा तो वाडा. तोही काढते.

हौशी_अनुवादक: भावना समजली, पण मग एकही शब्द उरणार नाही. शामियान्यात लग्नं लागतात, गोटात शत्रू असतो, तळावर पालखी असते. प्रत्येक शब्दात कोणीतरी आधीपासून राहतंच आहे.

पालातून_आलेला: शामियान्याचं कोणाला दुखत नाही, साहेब. वापरा की.

ट्रेकभिडू: व्यवहाराचं बोलू. शब्द कुठलाही घ्या, शेजारी सरळ लिहा: 'पलंग आणि स्वतंत्र संडास-न्हाणीघर असलेला तंबू'. दुसऱ्याला 'साधा तंबू, संडास सामायिक'. आजींना तेवढंच हवं आहे.

मावळमाती: सगळे तंबूत अडकलेत. मला त्या पत्रकातलं दुसरंच खटकणार आहे. तिथे 'पवना लेक' लिहिलंय का? आमच्याकडं लेक म्हणजे पोरगी. ते धरण आहे. त्या पाण्याखाली गावं गेलीत, आमच्या आजीचं माहेर गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं, तेव्हा जुनी माणसं दर्शनाला जातात. त्याला 'जंगलातलं निसर्गरम्य सरोवर' म्हटलं की आमचं काळीज तुटतं.

लष्करवाली: मग बरोबर शब्द कोणता? 'जलाशय' फार सरकारी वाटतो. 'तलाव' चालेल का?

मावळमाती: तलाव पाषाणचा, कात्रजचा. आम्ही 'धरणावर' म्हणतो. 'धरणाच्या पाण्याकडंला' म्हणतो. धरणाची भिंत आणि मागचं पाणी, दोन्हीला धरणच. मुळशीकडंही तसंच. तिथं तर सेनापती बापटांच्या सत्याग्रहापासून 'धरण' हा शब्द लोकांच्या तोंडात हिशोबासकट आहे.

पेठकर: 'सरोवर' नैसर्गिक, हे मावळमाती यांचं म्हणणं रास्त आहे. 'जलाशय' सरकारी वाटला तरी अचूक आहे, तोच वापरावा.

हौशी_अनुवादक: आणि बॅकवॉटर? पत्रकात तो शब्द हमखास असणार. मी एका ठिकाणी 'पाणलोट' वाचलं होतं.

मावळमाती: पाणलोट नव्हं, फुगवटा. धरण भरल्यावर पाणी मागं जिथवर चढतं तो फुगवटा. उजनीकडं भिगवणला विचारा, तेही फुगवटाच म्हणतील. पाणलोट म्हणजे ज्या डोंगरउतारांवरचा पाऊस वाहून धरणात येतो तो सगळा मुलूख. पेपरात 'पाणलोट क्षेत्रात जोरदार पाऊस' येतं ते त्यामुळं. ताई, पत्रकात पाण्यात उतरू नका अशी सूचना टाकणार असाल तर फुगवटा लिहा, आणि मोठ्या अक्षरात. काठ सपाट दिसतो, पण खाली जुन्या विहिरी, बांध, ओढ्याची पात्रं तशीच आहेत. दोन पावलांत गुडघाभराचं पुरुषभर होतं.

शब्दवेल्हाळ (कोथरूड): सूचनेत 'पाणलोटात उतरू नये' असंच आलं होतं, मालकांच्या टिपणातून. आजच बदलून पाठवते. दादा, विहिरींचं वाक्य तुमच्याच शब्दांत घेऊ का?

मावळमाती: घ्या की. 'पुरुषभर' तेवढं ठेवा, 'सुमारे सहा फूट' करू नका.

पेठकर: 'पुरुषभर'ला माझा आक्षेप नाही. पण 'फुगवटा' हे फुगण्याचं नाम झालं, जागेचं कसं होईल?